स्टुडिओ मातीकामावर मराठीतून लिहिणे आणि छापणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर जिल्ह्यातील एका गावात माझी लहानशी कार्यशाळा आहे. तेथे चाकावरचे काम, हाताने घडवण्याचे काम आणि झिलई (भांड्यावरचा काचेसारखा थर) शिकवताना मुलांसाठी ज्या टिपा लिहीत गेले, त्यांच्याच पुढे पुस्तिका झाल्या. त्या वाचून वर्धा, यवतमाळ, भंडारा, गडचिरोली या भागांतले शिक्षक, कुंभारघरांतली शिकलेली मुले आणि नव्याने स्टुडिओ थाटलेले कलावंत विचारतात, की आपल्यालाही असे लिहायचे असेल तर सुरुवात कोठून करावी आणि छापावे कसे. त्यांचे नेहमीचे प्रश्न आणि माझ्या अनुभवातून आलेली उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

मातीकाम तर हाताखाली बसूनच शिकायचे असते. मग लिहिण्याची गरज काय?

माती चाकाच्या मध्यावर आणणे, भांड्याची भिंत उचलणे, बोटाला जाडी कळणे या गोष्टी कागदावरून येत नाहीत, हे मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र या कामाचा मोठा भाग डोळ्यांआड घडतो. बंद भट्टीत कोणत्या तापमानाला काय झाले, माती किती आकसली, मागच्या पावसाळ्यात कोणत्या झिलईत किती राख घातली होती, हे हाताला आठवत नाही; ते लिहूनच ठेवावे लागते. आपल्या भागात याची परंपराही आहे. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना १९३४ साली वर्ध्याला झाली आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली गावातल्या उद्योगांचे प्रयोग व त्यांची टिपणे तेथे सुरू झाली. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभारलेल्या ग्रामोदय संघाने कुंभारकामाला शास्त्राची जोड देण्याचे काम केले. मातीकामाविषयी विदर्भात बसून मराठीत लिहिणे म्हणजे काही नवल नव्हे. उलट हे लेखन अजून पुरेसे झालेले नाही, याची मला खंत वाटते.

कोणता वाचक समोर ठेवून लिहावे?

एकच. नवशिका, शिक्षक आणि मुरलेला कारागीर या तिघांसाठी एकाच पुस्तिकेत लिहू गेल्यास ती तिघांच्याही उपयोगी पडत नाही. मी दहावी झालेली, मराठी सहज वाचणारी आणि मातीला पूर्वी कधी हात न लावलेली मुलगी डोळ्यांसमोर ठेवते.

मातीविषयी लिहिताना नेमके काय सांगितले पाहिजे?

शिकवणाऱ्या लेखनात सर्वांत जास्त घोटाळा याच जागी होतो, म्हणून या उत्तराला थोडी जागा देते. बाहेरच्या पुस्तकांत 'एक किलो माती घ्या' असे असते आणि तेथे ते चालते, कारण तेथला वाचक पिशवीत मिळणारी, एकाच प्रतीची तयार माती वापरतो. आपला वाचक ती नाल्याच्या काठावरून, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या गाळातून किंवा शेताच्या बांधावरून आणतो. पश्चिम विदर्भातली काळी कापसाची जमीन बेसॉल्ट खडकापासून झालेली आहे. त्या मातीतील खनिजे पाणी पिऊन फुगतात आणि सुकताना फार आकसतात. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात, त्याच भेगा त्या मातीच्या भांड्यालाही पडतात. भद्रावती-वरोरा पट्ट्यातील पांढरट माती वेगळी वागते आणि भंडारा-गोंदियाकडचा तलावाचा गाळ त्याहून वेगळा. त्यामुळे 'लवचीक माती घ्या' एवढेच लिहून भागत नाही. माती कोठून आणली, किती खोलीवरून काढली, कोणत्या चाळणीतून गाळली, तीत वाळू, राख किंवा लीद किती मिसळली आणि किती दिवस मुरत ठेवली, हे सर्व लिहावे. त्यापुढे, वाचकाने स्वतःच्या मातीची परीक्षा कशी करावी हेही सांगावे: वळकटी करून बोटाभोवती गुंडाळून पाहणे, लहान पट्टी करून सुकवणे, भाजणे आणि मोजणे.

चुनखडीच्या खड्यांविषयीची सूचना तर आपल्याकडच्या प्रत्येक पुस्तिकेत असायलाच हवी. काळ्या मातीत हे पांढरे खडे सर्रास सापडतात. भाजताना साधारण ८२५ ते ९०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्यांचा कळीचा चुना होतो. भांडे भट्टीतून चांगले निघते, आठ-पंधरा दिवस हवेतला ओलावा पिते, आणि मग चुना फुगून पृष्ठभागावरचा टवका उडतो. शिकणाऱ्याला वाटते की भाजणी चुकली. दोष मुळात चाळणीचा होता, हे त्याला पुस्तिकेने सांगायला हवे.

माती किती आकसते, याचे गणित कसे समजावून द्यावे?

प्रत्यक्ष आकड्यांनी. ओल्या पट्टीवर १०० मिलिमीटरची रेघ आखावी. भाजल्यावर ती ८८ मिलिमीटर भरली, तर माती १२ टक्के आकसली. आता भाजून तयार झालेल्या वाटीचे तोंड १०० मिलिमीटर हवे असेल, तर ओले माप किती घ्यावे? बहुतेक जण १०० मध्ये १२ मिळवून ११२ म्हणतात आणि वाटी लहान निघते, कारण ११२ चे ८८ टक्के साडेअठ्ठ्याण्णवच होतात. खरे उत्तर १०० भागिले ०.८८, म्हणजे ११३.६ मिलिमीटर. झाकण असलेल्या भांड्यात दीड मिलिमीटरचा हा फरक सहज जाणवतो. हे उदाहरण सोडवून दाखवले की पुढचा पानभर सिद्धान्त अनेकदा लिहावा लागत नाही.

भाजणीचे तापमान लिहिले म्हणजे पुरे होते ना?

नाही. माझ्या पहिल्या पुस्तिकेत मी 'भांडी ९५० अंशांवर भाजावीत' असे एकच वाक्य लिहिले होते. ती वाचून एका शिक्षिकेने शाळेतल्या मुलांच्या चाळीस वस्तू लहान विजेच्या भट्टीत घातल्या, भट्टी पहिल्यापासून पूर्ण जोरात चालवली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त फुटल्या. आकडा बरोबर होता, पण तेथवर पोचण्याचा मार्ग मी सांगितला नव्हता. ती चूक माझी होती आणि तिची आठवण अजून मनातून जात नाही.

भाजणीच्या प्रत्येक टप्प्यामागचे कारण लिहावे. १०० अंशांपर्यंत मातीतले मोकळे पाणी वाफ होऊन जाते. भिंत जाड असेल किंवा वस्तू पूर्ण वाळलेली नसेल, तर ही वाफच भांडे फोडते. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या घडणीत बांधलेले पाणी सुटते आणि त्यानंतर ती पुन्हा भिजून चिखल होत नाही. ५७३ अंशांना क्वार्ट्झच्या (गारेच्या) स्फटिकाचे रूप बदलते व आकारमान एकदम वाढते. थंड होताना त्याच ठिकाणी ते कमी होते, म्हणून चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा तेथे घाई करू नये. एवढे कारण कळलेला वाचक स्वतःच्या भट्टीचे वेळापत्रक स्वतः बसवू शकतो.

भट्टी कोणत्या वेगाने तापवली यावरही परिणाम ठरतो. तापमापकाची तार त्या जागेची त्या क्षणाची उष्णता सांगते. मातीवर उष्णतेने एकूण किती काम केले, हे शंकू सांगतो; शंकू म्हणजे भट्टीत ठेवायची, ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारी लहान सुळकी. जर्मनीत हेरमान झेगर यांनी १८८६ मध्ये असे शंकू तयार केले आणि अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ पासून त्यांचे उत्पादन सुरू केले. ऑर्टनचा ६ क्रमांकाचा मोठा शंकू तासाला ६० अंशांच्या गतीने साधारण १२२२ अंशांवर वाकतो आणि गती वाढवली की त्याहून वरच्या तापमानाला. म्हणून 'शंकू ६, शेवटच्या टप्प्यात तासाला ६० अंश' असे लिहिणे हे नुसत्या '१२२२ अंश' लिहिण्यापेक्षा कितीतरी खरे असते. वाचकाकडे शंकू नसतील, तर त्याच्याच झिलईच्या चाचणीपट्ट्या भट्टीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या कप्प्यांत ठेवून नोंद करायला सांगावे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाही, ती आपणच लिहायची आहे. भाजणी चालू असताना वीज गेली तर काय करावे? भट्टी उघडू नये, गेल्याची व आल्याची वेळ आणि त्या वेळचे तापमान वहीत टिपावे, आणि तेथून त्याच गतीने पुढे जावे. तसेच मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळी वाऱ्यात भांड्याची कड तासाभरात वाळते आणि बूड ओले राहते. श्रावणात तेच भांडे आठवडाभर सुकत नाही. 'दोन दिवस सुकवा' हे वाक्य त्यामुळे विदर्भात निरर्थक आहे. 'बूड गालाला लावून गार लागेनासे होईपर्यंत सुकवा' असे लिहिले, की ते बारा महिने चालते.

झिलईची कृती कोणत्या पद्धतीने छापावी?

वजनाच्या टक्क्यांत छापावी. मूळ घटकांची बेरीज १०० ठेवावी आणि रंगासाठी घालायची ऑक्साइडे त्या शंभराच्या वर, वेगळ्या ओळीत द्यावीत. उदाहरणार्थ, १० क्रमांकाच्या शंकूसाठीची एक जुनी, सर्वत्र वापरली जाणारी पारदर्शक झिलई अशी लिहिता येते: फेल्डस्पार (झिलई वितळवणारे खनिज) ४०, क्वार्ट्झ ३०, व्हायटिंग (खडूची भुकटी) २०, चिनी माती १०. पाचशे ग्रॅमसाठी हे अनुक्रमे २००, १५०, १०० आणि ५० ग्रॅम होते. अर्धा टक्का कोबाल्ट ऑक्साइड घालायचे, तर ते अडीच ग्रॅम. कृतीसोबत शंकू, भट्टीतली हवा मोकळी होती की धुराची, कोणत्या मातीवर लावली, थर किती जाड होता आणि चाळणी कोणती वापरली, हे नसेल तर ती कृती अपुरीच राहते.

राखेविषयी विशेष सावधपणे लिहावे. धानाच्या तुसाच्या राखेत सिलिका फार मोठ्या प्रमाणात, साधारण ८५ ते ९५ टक्के असते. पऱ्हाटीची (कापसाच्या वाळलेल्या झाडांची) किंवा सागाच्या लाकडाची राख तशी नसते. नुसते 'राख' लिहिले, तर भंडाऱ्याचा वाचक तुसाची घेईल आणि यवतमाळचा पऱ्हाटीची, आणि दोघांच्या भांड्यांवर दोन निराळ्या गोष्टी दिसतील.

दशांशचिन्हाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. एका मुद्रणालयात माझा युनिकोडमधला मजकूर त्यांच्या जुन्या फाँटमध्ये बदलताना काही ठिकाणची टिंबे गळली, आणि '०.५ टक्के'चे '०५ टक्के' झाले. पाच टक्के कोबाल्टने निळा रंग येत नाही, जवळजवळ काळा येतो, आणि कोबाल्ट हा महागडा पदार्थ आहे. तेव्हापासून मी असे प्रत्येक प्रमाण अंकात आणि अक्षरात, दोन्ही प्रकारे लिहिते, आणि छपाईआधी सर्व आकड्यांचे वाचन दुसऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने करून घेते.

मराठी शब्द वापरावेत की इंग्रजीतून आलेले?

कामाच्या जागी जो शब्द तोंडात आहे तो वापरावा. चाक, थापी, आवा, भट्टी, माती मळणे, खापर हे शब्द पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत आणि त्यांना पर्याय शोधण्याचे कारण नाही. शंकू, झिलई हे शब्द समजतात. फेल्डस्पार, बिस्क (झिलईआधीची पहिली भाजणी), स्लिप (पातळ कालवलेली माती), ऑक्साइड हे मात्र आहेत तसे देवनागरीत लिहावेत. त्यांच्यासाठी संस्कृत जोडशब्द बनवले, तर दुकानात तो माल मागता येत नाही.

एका शब्दाची फोड पहिल्याच पानावर करावी. 'चिनी माती' म्हणजे केओलिन ही कच्ची पांढरी माती, आणि तयार कपबशीलाही आपण चिनी मातीचीच म्हणतो. एकाच शब्दाने कच्चा माल आणि पक्के भांडे दोन्ही दाखवले, तर शिकणारा गोंधळतो. मी कच्च्या मालासाठीच तो शब्द राखून ठेवला आहे. वऱ्हाडी आणि झाडीबोलीत एकाच अवजाराची नावे वेगळी असू शकतात. म्हणून मजकुरात एक शब्द ठरवावा आणि शेवटच्या शब्दसूचीत बाकीचे शब्द गावाच्या उल्लेखासह द्यावेत. ही सूची करणे कंटाळवाणे असले, तरी माझ्या मते पुस्तिकेतला तो सर्वांत टिकाऊ भाग असतो.

आरोग्याच्या सूचना कोठे आणि किती द्याव्यात?

पुस्तिकेच्या शेवटी एका चौकटीत कोंबू नयेत; ज्या पायरीला धोका आहे, त्याच पायरीच्या आधी द्याव्यात. कोरडी माती आणि क्वार्ट्झ यांच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो व गेलेले फुप्फुस परत येत नाही. म्हणून 'झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा' हे वाक्य साफसफाईच्या पायरीतच असले पाहिजे. भट्टी बंद खोलीत लावू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लाकडाची राख पाण्यात कालवताना हातमोजे घालावेत.

खाण्याच्या भांड्यांबद्दल मी अजिबात तडजोड करत नाही. शिशाची झिलई घरगुती वापरासाठी शिकवूच नये. आपल्याकडे बरणीत लिंबाचे आणि कैरीचे लोणचे वर्षभर राहते. आंबट आणि खारट पदार्थ कच्च्या झिलईतून धातू ओढून घेतात. लिंबाची फोड रात्रभर ठेवून रंग उडतो का, हे पाहण्याची परीक्षा जरूर सांगावी, पण रंग उडाला तर भांडे बाद, आणि न उडाला तरी ते सुरक्षित ठरत नाही, हेही त्याच वाक्यात लिहावे. विकायची भांडी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावीत.

गावातल्या कुंभारांकडून शिकलेले पुस्तकात घालता येते का?

कॉपीराइट कायद्याने पद्धतीवर कोणाचा हक्क नसतो, परंतु येथे प्रश्न कायद्यापाशी संपत नाही. ज्या दादांनी किंवा मावशींनी तीन दिवस बसवून आवा रचायला शिकवले, त्यांना आधी सांगावे की हे छापले जाणार आहे, मजकूर वाचून दाखवावा, नाव द्यावे की नको ते विचारावे, आणि त्यांच्या बुडालेल्या दिवसांची मजुरी द्यावी. एखादी गोष्ट छापू नका असे त्यांनी म्हटले, तर ती छापू नये. मुलाखत घेताना चाकावर बसलेल्या माणसाशीच बोलून उठू नये. माती निवडणे, खडे काढणे, भिजवणे, मळणे ही कामे अनेक घरांत बायकांच्या हातची असतात आणि भांड्याचे अर्धे यश तेथेच ठरते. त्यांना विचारल्याशिवाय मातीवरचे प्रकरण पूर्ण झाले, असे मी मानत नाही.

कुंभाराच्या माठाला पुस्तकी कसोटी लावून उणे ठरवू नये, हेही सांगितले पाहिजे. भाजलेल्या तुकड्याचे कोरडे वजन २०० ग्रॅम आणि पाण्यात उकळून काढल्यावर २२४ ग्रॅम भरले, तर तो १२ टक्के पाणी शोषतो. कपासाठी हा दोष आहे. माठासाठी तोच गुण आहे, कारण पाझरलेले पाणी बाहेरच्या अंगाने उडून जाते, म्हणूनच आतले पाणी गार राहते.

छायाचित्रे कशी असावीत?

शिकणाऱ्याला स्वतःचे हात जसे दिसतील तशी, म्हणजे काम करणाऱ्याच्या खांद्यामागून काढलेली. समोरून काढल्यास डावे-उजवे उलटे दिसते. चाक कोणत्या दिशेने फिरते हे बाणाने दाखवावे. जपानी पद्धतीत ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि पाश्चात्त्य पद्धतीत उलट फिरते, आणि दिशा बदलली की दोन्ही हातांची जागाही बदलते. प्रकाश बाजूने घ्यावा. भिंतीची जाडी दाखवायला भांडे तारेने उभे कापून त्याचे चित्र द्यावे. एक भांडे वाया जाते, पण दहा ओळी वाचतात.

लिहिलेले बरोबर आहे हे कसे तपासावे?

ज्याने हे काम कधी केले नाही अशा एकाला पुस्तिका द्यावी, शेजारी बसावे आणि तोंडातून एक शब्द काढू नये. तो जेथे थांबून तुमच्याकडे पाहतो, तेथे वाक्य अपुरे आहे.

दुसऱ्या पुस्तकातली कृती माझ्या पुस्तकात घेता येते का?

प्रमाणांची यादी किंवा पद्धत यांवर लेखाधिकार नसतो. ती ज्या शब्दांत, ज्या चित्रांत आणि ज्या मांडणीत समजावली आहे, त्यांवर असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे भारतात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून मजकुराचे भाषांतर करून छापायचे असेल, तर लेखी परवानगी लागते. कृती घेतली असली, तरी ती स्वतःच्या मातीवर आणि भट्टीत करून पाहावी, आलेला परिणाम लिहावा आणि मूळ कोठून घेतली ते सांगावे.

प्रकाशकाशी करार करताना काय पाहावे?

हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावेच लागते. करारात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे मानतो, आणि प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरते मानतो. भाषांतर, ई-पुस्तक आणि छायाचित्रे यांचे हक्क वेगळे लिहून घ्यावेत. सुधारित आवृत्तीत आकडे बदलण्याचा अधिकार लेखकाकडे राहील, ही अट मी कधीही सोडत नाही.

स्वतःच छापायचे असेल तर?

तेही उत्तम आहे. पाने सोळाच्या पटीत बसवली, की फर्म्याचा कागद वाया जात नाही. पुस्तक टेबलावर उघडे राहील अशी बांधणी घ्यावी, कारण वाचकाचे हात चिखलाचे असतात. त्याच कारणाने अक्षर मोठे ठेवावे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मिळतो आणि त्याला शुल्क नाही. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत स्वखर्चाने प्रती पाठवाव्या लागतात: एक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक. पहिले पुस्तक असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाची चौकशी करावी. पहिली छपाई लहान ठेवावी.

छापून झाल्यावर चूक सापडली तर काय करावे?

लगेच शुद्धिपत्र काढावे. पुढच्या आवृत्तीची वाट पाहू नये. शुद्धिपत्रात पान, ओळ, चुकलेला मजकूर आणि बरोबर मजकूर द्यावा, आणि त्या चुकीने भांड्याचे किंवा माणसाचे काय नुकसान होऊ शकते तेही लिहावे. मी प्रत्येक पुस्तिका कोणाकडे गेली याची वही ठेवते. कोबाल्टची टिंबे गळली, तेव्हा त्या वहीवरूनच एकेकाला फोन केला, आणि शिल्लक प्रतींत प्रत्येक ठिकाणी हाताने दुरुस्ती केली. ज्या शिक्षिकेच्या शाळेतली भांडी फुटली होती, तिने पुढे त्याच भट्टीत सावकाश केलेल्या भाजणीची तासातासाची नोंद मला पाठवली. तिच्या परवानगीने ती आता दुसऱ्या आवृत्तीत भाजणीच्या प्रकरणाच्या आरंभी छापलेली आहे.